परागकणांची साक्ष

प्राचीन काळचा मनुष्यदेह सुस्थितीत सापडला की जगाचे लक्ष प्रथम जाते ते त्याच्या चेहऱ्याकडे आणि शस्त्रांकडे. त्याच्या आतड्यात राहिलेल्या कोंड्याविषयी कुतूहल वाटते ते थोड्यांनाच. परंतु तो माणूस कसा जगला, हे सांगण्याचे सामर्थ्य बहुधा या क्षुल्लक अवशेषांतच असते.

इटली व ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, १९९१ साली बर्फात सापडलेल्या ‘ओट्झी’चे उदाहरण घ्यावे. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या या माणसाजवळ शरद ऋतूत पिकणारे एक रानफळ मिळाले. तेवढ्यावरून तो शरदातील हिमवादळात सापडून मेला असावा, असा तर्क रूढ झाला. पुढे इन्सब्रुक विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाउस ओएग्ल यांनी त्याच्या आतड्यातील अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात ‘हॉप हॉर्नबीम’ या झाडाचे परागकण आढळले. हे झाड उबदार खोऱ्यात वाढते आणि वसंताच्या उत्तरार्धात फुलते. परागांतील पेशीद्रव्यही शाबूत होते. अर्थात ते ताजे असतानाच पोटात गेले होते. मृत्यूचा ऋतू बदलला, आणि अखेरच्या काही तासांपूर्वी तो खालच्या खोऱ्यात होता, हेही उघड झाले. २००१ मध्ये त्याच्या खांद्यात रुतलेले बाणाचे टोक दिसले, आणि वादळाच्या तर्काला आधारच उरला नाही.

डेन्मार्कमधील टोलुंड मानवाची कथा अधिक बोधप्रद आहे. सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा, गळ्यात फास असलेला हा देह १९५० साली दलदलीत सापडला. त्या वेळी त्याचे केवळ शिर पूर्णपणे जतन करण्यात आले. धडाचा बराच भाग सुकून गेला. आतड्यातील अंश मात्र सुदैवाने राखला गेला. म्हणूनच २०२१ साली नव्या साधनांनी त्याची फेरतपासणी होऊ शकली. सातू, जवस आणि तणाचे बी यांची मातीच्या भांड्यात किंचित करपलेली लापशी व जोडीला मासे, असे त्याचे अखेरचे जेवण होते. तणाचे बी बहुधा मळणीच्या गाळातून आले असावे. एका अनामिक माणसाचे स्वयंपाकघरच जणू यातून डोळ्यांसमोर उभे राहते.

जेथे देह टिकत नाहीत तेथेही हाच न्याय लागू पडतो. पुणे जिल्ह्यातील इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात, तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी सातू पिकवीत असत, हे जळून कोळसा झालेल्या दाण्यांनीच दाखविले.

राजांच्या पराक्रमाचे शिलालेख असतात. सामान्यांच्या जेवणाचे नसतात. त्यामुळे उत्खननातील माती धुऊन चाळणे, बी-दाणा वेचणे आणि त्यातील काही भाग पुढच्या अभ्यासकांसाठी राखून ठेवणे, यांवर होणारा खर्च अनाठायी मानता येणार नाही. आज केर म्हणून टाकलेली माती उद्या कोणत्याही शास्त्राला परत आणता येत नाही.