प्लास्टिक टिकतं की नाही? गाडीच्या छताला विचारा



"प्लास्टिक शेकडो वर्षे नष्ट होत नाही" हे वाक्य मुलांच्या प्रत्येक निबंधात असतं. आपणही त्याला डोळे झाकून बरोबरची खूण करतो. पण ज्या जुन्या व्हॅनमधून मुलं शाळेत येतात, तिच्या छताचं कापड लोंबत असतं, ड्रायव्हरकाकांनी टाचण्या मारून ते वर धरलेलं असतं. एखाद्याने विचारलं, "मग हे कसं काय खराब झालं?" तर काय सांगणार?

माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य अर्धवट आहे आणि ते तसंच शिकवू नये.

त्या कापडामागे फोमचा पातळ थर असतो. फोम म्हणजे पॉलियुरेथेन, आपल्या गादीत असतो तोच. उष्णता आणि दमट हवेने त्याच्या लांब साखळ्या तुटतात. मग बोट लावलं की पिवळसर भुगा हातात येतो आणि कापड सुटतं. कोकणात दमटपणा, विदर्भात मे महिन्याचं ऊन. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्याही पुढे तापतो! डॅशबोर्डचं आवरण पीव्हीसीचं असेल तर त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू उडून जातं. काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो ना, त्यात तेही असतं. मऊपणा गेला की तडे. काळं प्लास्टिक त्यातल्या त्यात जास्त टिकतं, कारण त्यातली काजळी अतिनील किरण शोषून घेते. (मुलांना हे फार आवडतं, सांगून बघा.)

म्हणजे वस्तू दहा-पंधरा वर्षांत निकामी होते, पण तिचा भुगा मातीत मिसळून माती होत नाही. वस्तूचं आयुष्य वेगळं आणि कचऱ्याचं वेगळं. चौथी-पाचवीच्या मुलांना हा फरक नक्की कळतो, आपणच त्यांना कमी लेखतो.

एक सोपा उपक्रम: स्पंजचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उन्हाच्या खिडकीत, एक बंद कपाटात. दर महिन्याला मुलांनी रंग बघायचा, दाबून बघायचं, वहीत तारखेसह लिहायचं. जूनमध्ये सुरू केलात तर वार्षिक परीक्षेपर्यंत भरपूर नोंदी होतात.

आणि पालकहो, व्हॅनची सीट फाटली असेल तर काकांना कव्हर घालायला सांगा. लहान मुलं तो भुगा उकरत बसतात आणि त्याच हाताने डबा खातात.