थंडीतला धोबी काढताना

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की वर्तमानपत्रांत पांढऱ्या गवताचे फोटो झळकतात. त्याच गवताच्या कडेला शेपटी खालीवर हलवत फिरणाऱ्या करड्या धोब्याकडे मात्र कॅमेरे फारसे वळत नाहीत. हिमालय आणि त्याही पलीकडच्या उत्तरेत घरटी करणारा हा पक्षी पावसाळा ओसरता ओसरता सह्याद्रीत उतरतो. यंदाच्या हिवाळी अंकाचं मुखपृष्ठ त्याचंच आहे.

चित्र करताना वाद झाला तो गळ्यावरून. परदेशी पुस्तकांत नराचा गळा ठसठशीत काळा असतो, पण तो विणीच्या हंगामातला पेहराव. हिवाळ्यात आपल्याकडे दिसतो तो फिकट, पांढुरका गळा. मार्चमध्ये एखाद्या नराच्या गळ्यावर काळे डाग उमटू लागतात आणि थोड्याच दिवसांत स्वारी परतीला लागते. आम्ही पांढुरका गळाच ठेवला, चित्र जरा कमी देखणं झालं तरी चालेल म्हणून. शेपटीखालचा पिवळा रंग मात्र बारा महिने टिकतो. तिथे चित्रकाराने हात आखडता घेतलेला नाही.

दुसरी अडचण आकाराची. गारठ्यात पक्षी पिसं फुलवून बसतो. मान दिसेनाशी होते. नमुन्याच्या कातड्यावरून काढलेल्या चित्रात ही गंमत येत नाही, त्यासाठी सकाळी सहाला काठावर कुडकुडावंच लागतं. आतल्या पानांवर निलांग आणि थिरथिराही आहेत. निलांगाच्या डोळ्यापासून चोचीपर्यंतचा काळा पट्टा छपाईत नीट उतरला आहे का, तेवढं बघा आणि कळवा.