दुष्ट कोण?

गोष्ट सांगूं लागलें कीं मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला : "हा चांगला कीं वाईट?" उत्तर मिळालें म्हणजे तीं निर्धास्त होतात, आणि वडील माणसांसही तें सोयीचें पडतें. ह्या सोयीस धक्का देणाऱ्या एका चित्रपटाचा परिचय आम्ही आज वाचकांस करून देणार आहों.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी ह्यांचा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा ॲनिमेशनपट १९९७ सालीं प्रदर्शित झाला. त्यांतील एबोशी ही बाई लोखंडाची भट्टी चालविते. भट्टीसाठीं ती अरण्य तोडते. तिच्या गोळीनें पिसाळलेल्या वराहदेवाचा शाप आशिताका ह्या निरपराध राजपुत्रास भोंवतो. परंतु हीच बाई वेश्यागृहांत विकल्या गेलेल्या स्त्रियांस सोडवून मानाचें काम देते, आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा स्वतः करते. उलटपक्षीं, लांडग्यांनीं वाढविलेली सान अरण्यासाठीं प्राणपणानें लढते. पण त्या लांडग्यांच्या हल्ल्यांत भट्टीचे गरीब बैलवालेही दरींत कोसळतात.

येथें कोणी विचारील, "सर्वांचीच बाजू समजूं लागली, तर मुलांची पापपुण्याची चाड सुटणार नाहीं काय?" शंका रास्त आहे, पण हा चित्रपट हेतु समजून घेतो, कृत्याची माफी देत नाहीं. एबोशी वनदेवतेचें मस्तक उडविते, तेव्हां अरण्याबरोबर तिची भट्टीही नष्ट होते व तिला हात गमवावा लागतो. मात्र ती जिवंत राहते, आणि अधिक चांगलें गांव वसविण्याचा निश्चय करते.

आमच्या मतें खरा धोका निराळाच आहे. वाईट कृत्य केवळ दुष्टांच्याच हातून घडतें, असें ज्या मुलाच्या मनावर बिंबलें, तें आपल्या माणसांचा व स्वतःचा अन्याय कधींच ओळखणार नाहीं. कर्णाचें औदार्य सांगतांना द्यूतसभेंतील त्याचें वर्तन आपण झांकून ठेवीत नाहीं. तोच न्याय येथें लावावा.

चित्रपटांत रक्तपात बराच आहे. अमेरिकेंत तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांस तसा इशारा दिलेला असतो. म्हणून अगदीं लहानांस तो दाखवूं नये. मोठ्या मुलांसवें घरांतील वडिलांनीं बसावें. मग "ही बाई चांगली कीं वाईट?" असा प्रश्न आला, तर घाईनें निवाडा देऊं नये. "तिनें कोणतें चांगलें केलें, कोणतें वाईट, आणि त्याचें फळ कोणीं भोगलें?" एवढेंच उलट विचारावें.