लहरी लोकांच्या, कुलूप कोणाचे?

अंबरनाथच्या शस्त्रास्त्र कारखान्यात आणि औद्योगिक वसाहतीत ज्यांचे आईबाप राबले, त्या मुलांना यंत्र उघडून पाहण्याची भीती वाटत नाही. ह्या निर्भयतेचा आम्हांला अभिमान आहे. म्हणूनच हौशी रेडिओच्या क्षेत्रातील एका छंदाविषयी त्यांच्याशी स्पष्ट बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. हातात मावणारा संच उघडायचा, आतला तांदळाच्या कणीएवढा डायोड किंवा रोधक काढून टाकायचा, की अनेक संच नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेरही बोलू लागतात. ह्याचे समर्थन आपल्याच सिद्धान्ताने केले जाते: लहरी जनतेच्या आहेत, मग जनतेला अडवणारे सरकार कोण?

सिद्धान्त खरा आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत ह्यांच्या निकालपत्राने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. पुढे ह्या मालमत्तेचे काय झाले? सरकारने ती मनमानीने वाटली, म्हणून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला १२२ परवाने रद्द करावे लागले. मग लिलाव आले. म्हणजे मर्जीच्या जागी थैली आली. सामान्य नागरिकाच्या वाट्याला मात्र १९३३ च्या ब्रिटिश कायद्याने परवान्याची सक्ती आली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही परवानगीची अट कायमच ठेवली. व्हीएचएफमध्ये अमेरिकेतील हौशी माणसाला १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ मिळतात, आपल्याला १४६ पर्यंतच. संच तोच, देश बदलला की कुलूप बदलते. हे कुलूप निसर्गाने घातलेले नाही, राज्यकर्त्यांनी घातले आहे. त्याबद्दलचा राग रास्त आहे.

परंतु ते कुलूप तोडून आपण शिरतो कोठे? कंपन्यांनी विकत घेतलेल्या लहरी बहुतेक ७०० मेगाहर्ट्झच्या वर आहेत. उघडलेल्या संचाचा हात तेथवर पोहोचतच नाही. तो पोहोचतो १४६ च्या पलीकडे आणि १४४ च्या अलीकडे, जेथे पोलीस, अग्निशमन दल, रेल्वेचे गार्ड आणि चालक बोलत असतात. सावकाराच्या वाड्याचे कुलूप शाबूत राहते. फुटते ते शेजाऱ्याच्या झोपडीचे. एफएममध्ये एकाच लहरीवर दोघे बोलले, तर जोरदार आवाज दुबळ्याला गिळून टाकतो. शिवाय संचाची गाळणी मूळ पट्ट्यासाठी बेतलेली असल्याने उघडलेला संच भलत्याच लहरींवरही कचरा सांडू शकतो. हे मुक्त भाषण नव्हे, दुसऱ्याचे तोंड दाबणे आहे.

येथे काँग्रेस रेडिओचा दाखला दिला जातो. तो आमच्याच घराण्यातला आहे. १९४२ च्या ऑगस्टअखेरीपासून १२ नोव्हेंबरपर्यंत उषाबेन मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवरून बोलत राहिले, डॉ. लोहिया त्यांच्या पाठीशी होते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पण त्यांनी कायदा मोडला तो मुक्या केलेल्या देशाला आवाज देण्यासाठी, कोणा मदतमागत्याचा आवाज बुडवण्यासाठी नव्हे. आणि किंमत त्यांनी स्वतः मोजली. गंमत म्हणून बटण दाबणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये.

‘पण संकटकाळी मोकळा संच कामी येईल ना?’ हाही प्रश्न येतो. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी बदलापूरच्या घरांत शिरली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकली. अशा वेळी उणीव कशाची असते? लहरींची नव्हे, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ हे दोन पट्टे निरोप पोहोचवण्यास पुरेसे आहेत. उणीव असते परवानाधारक, सराव झालेल्या माणसांची. बारा वर्षांच्या मुलालाही परवान्याची परीक्षा देता येते, हे आपल्या किती शाखांना ठाऊक आहे?

तेव्हा मागायचे ते हे: परीक्षा मराठीतून आणि तालुक्याच्या गावी व्हावी, परवाना ठरावीक मुदतीत हाती पडावा, नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत हौशी रेडिओचे केंद्र असावे, आणि १४६ ते १४८ हा पट्टा, आज तेथे असलेल्या सेवांची सोय लावून, हौशी नागरिकांसाठी खुला व्हावा. ह्यासाठी निवेदने द्यावीत, मोर्चे काढावेत, वेळ आली तर उघडपणे सत्याग्रहही करावा.

डायोड काढायला पाच मिनिटे लागतात आणि त्याने एकाच माणसाचा संच मोकळा होतो. कायदा बदलायला वर्षे लागतील, पण त्याने सर्वांचे संच मोकळे होतील. अंबरनाथच्या तरुण कारागिरांनी आपले कसब कोठे लावायचे, हे ह्यावरून ठरवावे.