बेशुद्ध रुग्णाला आपलं बोलणं कळतं का?

"डॉक्टर, बाबांना आम्ही बोललेलं कळतं का हो?" अतिदक्षता विभागाबाहेर हा प्रश्न हमखास येतो. 'काही कळत नाही' असं सांगून मोकळं होणं सोपं असतं. माझ्या मते ते उत्तर दरवेळी खरं नसतं.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या विद्युत आणि रासायनिक संदेशांतून माहितीची देवाणघेवाण करतात. पण पेशी काम करताहेत म्हणजे जाणीव आहेच, असं नाही; गाढ झोपेतही त्यांचं काम चालूच असतं. यातल्या जवळपास ८० टक्के पेशी डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूत असतात. तो बिघडला तर तोल जातो, बोलणं अडखळतं, पण माणूस शुद्धीवर असतो. जाणिवेसाठी मोठ्या मेंदूच्या भागांचा आपसातला संवाद जास्त महत्त्वाचा दिसतो.

आणि शरीर हलत नाही म्हणजे जाणीव नाही, असंही नाही. २००६ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, अपघातानंतर पाच महिने कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅन चालू असताना सांगितलं, "टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर." तिच्या मेंदूचे हालचालींशी संबंधित भाग निरोगी माणसासारखेच सक्रिय झाले! २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सूचनांना प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत असा प्रतिसाद आढळला. म्हणजे साधारण चौघांत एक.

याचा अर्थ प्रत्येक रुग्ण ऐकतोच, किंवा ऐकणारा नक्की बरा होतो, असा नाही. मेंदूमृत्यू तर पूर्ण वेगळा. त्यात परत येणं नसतं.

पण शंका असेल, तर तिचा फायदा रुग्णाला मिळायला हवा. खाटेजवळ गेल्यावर आपलं नाव सांगा, हात हातात घ्या, घरच्या भाषेत बोला. बिलाची, वाटणीची चर्चा बाहेर करा. हे आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे. सांगितल्यावर डोळे वळले, बोट हललं असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर वेळ लिहून ठेवा आणि पुन्हा तपासायला सांगा.

समजा, त्यांना काहीच कळत नसेल, तर आपले चार शब्द वाया जातील. कळत असेल, तर त्या अंधारात तेवढाच आधार असेल.