आधी राजधानी, मग वाघ

दिवाळीची सुटी लागली की मुंबई-पुण्याकडची मंडळी आमच्या चंद्रपुरावर कृपा करू लागतात. कृपा म्हणजे एवढीच, की येथे रात्र काढायची आणि पहाटे उठून मोहर्लीच्या फाटकाकडे धाव घ्यायची. वाघ दिसला तर चंद्रपूर उत्तम. न दिसला तर चंद्रपूर भिकार! परतताना मात्र एक वाक्य न चुकता ऐकवतात, "ताडोबा सोडले तर या गावात पाहण्यासारखे आहे काय हो? कोळसा, धूर आणि ऊन!" हे वाक्य मी इतक्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकले आहे, की यंदा त्याचा जाहीर समाचार घ्यायचे ठरवले आहे. फराळाच्या ताटाबरोबर भांडण वाढू नये, हे मला कळते. पण चिवड्यात एखादी मिरची असावीच लागते.

वाचकहो, चंद्रपूर ही राजधानी आहे. ज्या गावाला आमची म्हातारी माणसे अजून चांदा म्हणतात, तेथे गोंड राजांनी काही शतके राज्य केले. आधीची राजधानी वर्धा नदीकाठी बल्लारपूरला होती. कथा अशी सांगतात, की खांडक्या बल्लाळशाहाच्या अंगावरची गळवे झरपट नदीच्या पाण्याने बरी झाली. पुढे त्याच रानात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, आणि ससा जेथून जेथून धावला तेथून कोटाची आखणी झाली. हसायचे असेल तर हसा. लांडगीच्या दुधावर वाढलेल्या भावांची रोमची गोष्ट मात्र आपण इतिहासाच्या तासाला गंभीर चेहऱ्याने शिकतो!

ससा खोटा असेल, कोट खरा आहे. जवळजवळ ११ किलोमीटरांचा हा दगडी परकोट कित्येक राजांच्या कारकिर्दींत उठला. त्याला चार दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. पाच खिडक्या आहेत: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या कुशीत वसलेल्या गावाला या भिंतीने शत्रूपासून जपले, तसेच पुरापासूनही जपले. २००६, २०१३ आणि २०२२ साली पूर आले तेव्हा नदीकाठच्या सखल जागी नव्याने उठलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणी कोठवर चढते, हे गोंडांच्या गवंड्यांना ठाऊक होते. आमच्या घरबांधणीवाल्यांना ते अजून समजून घ्यायचे आहे.

अंचलेश्वर दरवाजाजवळ राजा बीरशाहाची समाधी आहे. राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी ती बांधवली. राजाने राणीसाठी बांधलेले स्मारक पाहायला आपण आग्र्याला जातो. राणीने राजासाठी बांधलेले पाहायला रिक्षाने दहा मिनिटे जायचे म्हटले, तर आपले पाय दुखतात. याच राणीने राज्यकारभार चालवला आणि महाकालीचे देऊळही उभारले. लालपेठ भागात दगडात कोरलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आडव्या पडल्या आहेत. त्यांतली दशमुखी दुर्गा सुमारे २५ फुटांची आहे. त्यांच्यासाठी योजलेले देऊळ कधी पुरे झालेच नाही. अशी अपुरी राहिलेली महत्त्वाकांक्षा पाहायला दुसरे गाव शोधून काढा पाहू!

आणि तुरुंग? होय, तुरुंगही. गोंड राजांच्या किल्ल्यात इंग्रजांनी कैदी कोंडले, आणि तेथे आजही तुरुंगच आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाके या पंचवीस वर्षांच्या गोंड जमीनदाराला तेथेच फाशी दिले. तो पिंपळ लोक अजून पूजतात. जवळजवळ ९८ वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावात येऊन सहस्रावधी माणसांना धम्मदीक्षा दिली. या दोन्ही तारखा दिवाळीच्या आसपासच्याच. ज्यांना येथे पाहण्यासारखे काही नाही, त्यांनी आपला चष्मा एकदा तपासून घ्यावा.

आता आक्षेप घ्या. पहिला आक्षेप उन्हाचा. ऊन आहे, नाकारतो कोण? परंतु चैत्रात, ऊन ऐन भरात असताना, मराठवाड्यातून आणि तेलंगणातून गोरगरीब यात्रेकरू महाकालीला येतात. डोक्यावर गाठोडे, काखेत मूल. त्यांना राजधानी दिसते. गारव्याच्या गाडीतून दिवाळीत येणाऱ्यांना दिसत नाही. दोष सूर्याचा खास नव्हे.

दुसरा आक्षेप शहाण्यांचा. ते म्हणतात, "वाघ पैसा आणतो, पडक्या भिंती काय आणतात?" अहो, पावसाळ्यात गाभ्याचे जंगल बंद होते, राजधानीचे दरवाजे बाराही महिने उघडे आहेत. वाघाचा पैसा मुख्यतः फाटकापाशी उतरतो. पाहुणा गावात एक दिवस राहिला, तर तो खानावळवाल्याला, रिक्षावाल्याला आणि बांबूच्या वस्तू करणाऱ्या बुरडालाही मिळेल. शिवाय ज्या ताडोबाच्या नावाने हे सारे चालते, तो देव आदिवासींचाच. वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाची ती गोष्ट आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेला न्यू मेक्सिको राज्याची सांता फे नावाची राजधानी आहे. १६१० च्या सुमाराचा, मातीच्या भिंतींचा गव्हर्नरांचा वाडा तेथे अजून उभा आहे. १६८० साली पुएब्लो आदिवासींनी स्पॅनिशांना हाकलून तो बारा वर्षे आपल्या ताब्यात ठेवला होता. आज त्याच वाड्याच्या ओसरीत मूळ जमातींचे कारागीर आपल्या हातचे दागिने मांडून बसतात. १९५७ साली तेथील नगरपालिकेने नियमच केला, की जुन्या भागातले नवे घर जुन्या घडणीशी जुळले पाहिजे. मातीचा वाडा टिकतो, आणि आमचा दगडी कोट ढासळतो! जटपुऱ्याच्या सावलीत बसून एखादी गोंड बाई आपल्या हातची वस्तू विकते आणि पाहुण्याला आपल्या राजांची गोष्ट सांगते, असे चित्र आमच्या नगरपित्यांना अजून का सुचू नये?

पाहुण्यांना बोल लावून मी गावकऱ्यांना मोकळे सोडणार नाही. परकोटाचे दगड आम्हीच उचलले, झाडेझुडपे आम्हीच माजू दिली, रामाळा तलावात आणि झरपटीत सांडपाणी आमच्याच घरांतून गेले. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी कुदळी-फावडी घेऊन कोटाची सफाई सुरू केली, तेव्हा कोठे आम्हाला आपली भिंत दिसली. आणि कोटाच्या आडोशाने झोपड्या घालून राहणाऱ्यांवर सारे खापर फोडणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की आधी त्यांना घर द्या, मग भिंतीचे बोला.

राजधानी म्हटली की तिच्यामागे मुलूख आला. गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, तरी इतिहासाची वाटणी झालेली नाही. वैरागडचा किल्ला तेथे आहे. वैनगंगेकाठी मार्कंड्याची शिल्पांनी भरलेली देवळे आहेत. त्यांतल्या मुख्य देवळाचे शिखर दुरुस्तीसाठी उतरवले, आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. चांद्याची बेपर्वाई तेथवर पोचते.

तेव्हा पाहुण्यांनो, या, वाघही पाहा. पण आधी एक दिवस राजधानीला द्या. सकाळी जटपुऱ्यापासून अंचलेश्वरापर्यंत पायी चला, दुपारी सावलीला बसा, संध्याकाळी रामाळ्याच्या काठी जा. आणि ज्यांना यंदा येणे जमणार नाही, त्यांनी निदान एवढे करावे. मुले अंगणात मातीचा किल्ला करतील, तेव्हा दरवर्षीच्या सिंहगड-प्रतापगडांबरोबर एक भुईकोटही करू द्यावा: चार दरवाजे, पाच खिडक्या, दोन बाजूंना नदी. शेजाऱ्याने विचारले, "हा कुठला?" तर मुलाने सांगावे, "चांद्याचा." पुढचे प्रश्न शेजारी आपण होऊन विचारील.