थांबलेल्या गाडीचे भाडे

१ मे २०१९ रोजी आपला गोंदिया जिल्हा वीस वर्षांचा झाला. त्याच दिवशी पहाटे, आपल्याला लागून असलेल्या कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रस्त्याच्या कामावर उभी असलेली पंचवीसहून अधिक वाहने आणि यंत्रे नक्षलवाद्यांनी जाळली. दुपारी पोलिसांचे शीघ्र कृती पथक तिकडे निघाले, तेही एका खासगी गाडीतून. जांभुळखेड्याजवळ, लेंढारी नाल्यावर भूसुरुंग फुटला आणि १५ जवान गेले. गाडी चालवणाराही गेला. तो पोलीस नव्हता. आपल्यासारखाच भाड्यावर गाडी चालवून घर चालवणारा माणूस होता. जवानांना मानवंदना मिळाली, ती मिळायलाच हवी होती. सोळावा माणूस मात्र बातमीत ‘आणि एक चालक’ एवढाच उरला. आमचे मासिक या सोळाव्या माणसाच्या धंद्याचे मासिक आहे, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहायचे आहे.

हे आत्ताच का, असे कोणी विचारेल. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड झोनचा प्रवक्ता अनंत साथीदारांसह गोंदिया पोलिसांपुढे शरण आला. डिसेंबरात बालाघाट आणि खैरागडकडेही मोठी शरणागती झाली. सालेकसा, देवरी, चिचगड या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्यांनी पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण अनंतच्या शरणागतीच्या नऊच दिवस आधी, दरेकसाच्या पलीकडे बोरतलावच्या जंगलात मध्य प्रदेश पोलिसांचे निरीक्षक आशिष शर्मा चकमकीत मारले गेले होते, हेही आठवणीत असू द्या. भीती ओसरली की हिशेब विसरायचा, ही आपल्या धंद्याची जुनी खोड. हिशेब मांडायचा तर तो डोके शांत असतानाच मांडता येतो.

आपल्याकडे ‘बॉर्डर’ म्हणजे शिरपूरचा चेकपोस्ट आणि पलीकडे बाघनदी. नागपूर-रायपूर महामार्ग, जुना सहा नंबर आणि आताचा ५३, साकोली, कोहमारा, मासुलकसा घाट, देवरी करत छत्तीसगडात उतरतो. हायवेवरच्या गाडीला जंगलाचा धाक तसा कमीच. खरी जोखीम असते हायवे सोडून आत वळणाऱ्या गाडीला. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावरचे धान भरडाईसाठी मिलला आणणारी गाडी, मे महिन्यात संकलनाच्या फळीवरून तेंदूपत्त्याचे बोद भरणारी गाडी, रस्त्याच्या कामावर गिट्टी टाकणारा टिप्पर. या गाड्या जुन्या असतात, रस्ता एकेरी असतो आणि टॉवर कधीच गेलेला असतो. २८ जुलै ते ३ ऑगस्टचा नक्षलवाद्यांचा शहीद सप्ताह आणि २ ते ८ डिसेंबरचा पीएलजीए सप्ताह आपल्या ड्रायव्हरांना सणावारांसारखे पाठ आहेत. रस्त्यात आडवे झाड दिसले की इंजिन बंद करून हात वर धरायचे, हेही त्यांना कोणी शिकवलेले नाही. बहुतेक जाळपोळींत ड्रायव्हर-क्लीनरला खाली उतरवून मग गाडीला काडी लावली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला लोहखनिजाच्या कामावरच्या पाऊणशेहून अधिक गाड्या अशाच जळाल्या. माणसे वाचली याचे समाधान आहेच. पण दर वेळी ती वाचतील, अशी हमी कोणी दिलेली नाही.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या ट्रान्सपोर्टच्या दिवसांतली सांगतो. ऐन तेंदूच्या हंगामात, रात्री नऊच्या सुमारास देवरीहून ड्रायव्हरचा फोन आला. “शेठ, समोर काही बरोबर नाही दिसून राहिलं. मी इथंच लावतो गाडी.” मी म्हणालो, “अरे, सकाळी फळीवर गाडी नाही लागली तर भाडं कापतील. जाऊन ये.” तो गेला. काहीही झाले नाही. तिसऱ्या दिवशी तो परत आला, टेबलावर चावी ठेवली आणि एवढेच म्हणाला, “शेठ, तुम्ही भाडं पाहिलं.” पुन्हा तो माझ्याकडे कामाला आला नाही. त्याला जे दिसत होते ते मला गोंदियात बसून दिसत नव्हते आणि तरी निर्णय मी घेतला, कारण थांबल्याचे पैसे माझ्या खिशातून जाणार होते. ही चूक माझी होती, आणि ती मी आजही मान्य करतो.

त्यानंतर माझे मत पक्के झाले. धोक्याच्या पट्ट्यात माल आणि माणूस वाचवण्याचा पहिला उपाय म्हणजे थांबलेल्या गाडीचे भाडे कोण देणार, हे गाडी निघण्याआधी ठरवणे. बंदोबस्त, जीपीएस, कॅमेरे हे सगळे त्यानंतर. थांबण्याचा खर्च ज्याच्या डोक्यावर पडतो त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच राहतो. ट्रिपवर भत्ता घेणारा ड्रायव्हर थांबला तर त्याचा दिवस बुडतो, मालक थांबला तर हप्ता चुकतो, व्यापाऱ्याला तर थांबा कळतच नाही.

गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की कायदा आपल्यापेक्षा समंजस आहे. ई-वे बिलाचेच घ्या. दर २०० किलोमीटरला एक दिवस, अशी त्याची मुदत. ती संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवता येते आणि वाढीच्या कारणांच्या यादीत ‘कायदा व सुव्यवस्थेची परिस्थिती’ हे कारण दिलेले आहे. म्हणजे बंदमध्ये गाडी अडकू शकते, हे सरकारने धरून चाललेले आहे. तरी ‘बिल संपेल, दंड लागेल’ या धास्तीने रात्री गाड्या हाकल्या जातात. टॉवर नसलेल्या गावात बसलेला ड्रायव्हर ही मुदत वाढवू शकत नाही. ते काम ऑफिसातल्या माणसाचे. त्यासाठी एक माणूस रात्री जागा ठेवावा लागेल, इतकेच.

दुसरे, रस्ता वाहतूक कायदा, २००७. युद्ध, सार्वजनिक शत्रूचे कृत्य, दंगल किंवा नागरी क्षोभ यांत माल गेला तर कलम १७ प्रमाणे वाहतूकदार जबाबदार धरला जात नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण एवढेच वाचून निर्धास्त होतात. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की योग्य काळजी घेतली असती तर नुकसान टळले असते, असे दिसल्यास जबाबदारीतून सुटका नाही. बंद जाहीर झालेला आहे, ड्रायव्हरने फोन करून सांगितले आहे आणि तरी मालकाने गाडी पुढे काढली, तर ही ढाल हातातून गेली समजा. व्यापाऱ्यांनाही हे सांगायला हवे. कलम १७ वाहतूकदाराला सोडते तेव्हा तोटा मालाच्या धन्यावर पडतो. त्याने ट्रान्झिट विमा घेतला असेल, पण त्याला संप-दंगल-नागरी क्षोभाचे वाढीव कलम जोडले नसेल, तर जळालेल्या बोदांचा दावा उभाच राहत नाही. हे कलम जोडायला फार पैसे लागत नाहीत, विमा एजंटाला ते मागावे लागते.

गाडीचेही तसेच. पॅकेज पॉलिसीत दहशतवादी कृत्य, दंगल आणि खोडसाळ नुकसान धरलेले असते. युद्ध, यादवी आणि बंड मात्र वगळलेले असते. म्हणून फिर्यादीत आणि पंचनाम्यात काय शब्द पडतात ते ठाण्यात बसून वाचून घ्या, सहीची घाई करू नका. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असलेली गाडी आतल्या रस्त्याला पाठवूच नका. ती जळाली तर राख तुमची.

आता माणसाचे. नक्षल हिंसेत नागरिकाचा मृत्यू झाला तर केंद्राच्या योजनेतून वारसांना ५ लाख रुपये मिळतात. गाडी किंवा मालाची भरपाई ही योजना देत नाही. कर्मचारी भरपाई आणि मोटार अपघाताचा दावा हे खरे आधार. २००० साली रीटा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा चोरण्यासाठी झालेला चालकाचा खून हा वाहनाच्या वापरातून घडलेला अपघात मानला आणि विमा कंपनीची जबाबदारी कायम केली. तो निकाल प्रत्येक गाडीमालकाने आपल्या वकिलाला दाखवून ठेवावा. पण कर्मचारी भरपाई मोजली जाते वय आणि पगार यावर. आपल्याकडे पगार कागदावर असतो का? भत्ता हातात, हजेरी तोंडी, क्लीनर तर कुठल्याच वहीत नाही. असा माणूस गेल्यावर तो आपल्याकडे कामाला होता हे सिद्ध करायला त्याची बायको ढाब्यावाल्याची साक्ष शोधत फिरते. याहून लाजिरवाणे काही नाही. नेमणुकीचे एक पान, बँकेत पगार आणि पॉलिसीत पेड ड्रायव्हर व क्लीनर दोघांचा हप्ता, एवढे ज्याच्याकडे नसेल त्याने आतल्या मार्गाचे भाडे घेऊ नये, असे मी स्पष्ट लिहितो.

आणखी दोन गोष्टी, कडक शब्दांत. मालाच्या गाडीत वर्दीतल्या माणसांना बसवू नका, त्यांच्या वाहनाच्या मागोमाग गाडी चालवू नका. जांभुळखेड्याने हे शिकवले आहे, आणि पोलीस अधिकारीही हे समजून घेतील. दुसरे, ड्रायव्हरच्या हाती ‘तिकडे द्यायचे’ म्हणून पाकीट, औषध, कापड काहीही पाठवू नका. माओवादी पक्षावर २००९ पासून यूएपीएखाली बंदी आहे आणि दहशतवादी कृत्यासाठी पैसा पुरवण्याची शिक्षा किमान पाच वर्षे ते जन्मठेप आहे. सौदा ठेकेदाराचा आणि तुरुंग ड्रायव्हरला, असे होता कामा नये. आधीच एक बाजू त्याला खबऱ्या म्हणते आणि दुसरी विचारते, जेवण कोणाला दिलेस?

हे आपल्यापुरतेच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये शोपियाँत सफरचंद भरायला गेलेले परराज्यांतले ट्रकचालक गोळ्यांना बळी पडले. २००४ साली कुवेतहून इराकात माल नेणाऱ्या सात चालकांना ओलीस धरले गेले, त्यांत तिघे भारतीय होते. ते जुलैत पकडले गेले आणि १ सप्टेंबरला सुटले. त्यांच्यातल्या कोणाचेच त्या लढाईशी देणेघेणे नव्हते. पोट भरायला ते त्या रस्त्यावर आले होते.

आमचा प्रस्ताव साधा आहे. बिल्टीच्या मागे एक ओळ छापा: ‘मार्गावर बंद, अडथळा किंवा जाळपोळीचा धोका दिसल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवण्याचा निर्णय चालकाचा राहील. अशा थांब्याचे हॉल्टिंग पहिल्या दिवसापासून माल पाठवणारा आणि गाडीमालक निम्मे-निम्मे देतील आणि चालक-क्लीनरचा भत्ता चालू राहील.’ ही ओळ गोंदियात छापली आणि राजनांदगावला नाही, तर भाडे पलीकडच्या गाडीला जाईल आणि आपलाच माणूस उपाशी बसेल. म्हणून गोंदिया, देवरी, बालाघाट आणि राजनांदगावच्या ट्रान्सपोर्टरांनी, राइस मिलवाल्यांनी आणि तेंदूच्या ठेकेदारांनी एकत्र बसायला हवे, तेही पहिली गाडी फळीवर लागण्याआधी. बैठकीला ड्रायव्हरांना बोलवा आणि त्यांना आधी बोलू द्या. जागा देवरीचीच ठेवावी. आत वळायचे की नाही, हे ड्रायव्हर तिथेच ठरवतो.